देव मरणार म्हणतात, मग आमच्या क्लेरिकचं काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दीड वर्षापासून तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळातल्या फरगॉटन रेल्म्स या जगात कॅम्पेन (सेशनमागून सेशन चालणारी एकच लांब गोष्ट) चालवताय, पार्टीचा, म्हणजे प्लेअरांच्या कॅरेक्टरांच्या टोळीचा, तळ वॉटरडीप शहरात आहे आणि पार्टीत पहाटेचा देव लॅथँडर याची एक क्लेरिक (देवाच्या कृपेनं मंत्र चालवणारी पुजारीण) आहे. आता सगळीकडे चर्चा सुरू आहे की पुढच्या पुस्तकांत जग बदलणार. कुणी म्हणतं एखादा मोठा देव मरणार, कुणी म्हणतं सोर्ड कोस्टची, म्हणजे वॉटरडीपच्या किनारपट्टीची, राखरांगोळी होणार, कुणी म्हणतं पुन्हा एकदा सगळं शंभर वर्षं पुढे ढकलणार. यातलं किती खरं मानायचं, आणि चित्र स्पष्ट होईपर्यंत कॅम्पेन थांबवायचं का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो: थांबवू नका. पुस्तकाची वाट बघत थांबवलेलं कॅम्पेन पुन्हा सुरू झालेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. बाजारात तुरी, तोवर सहा जणांच्या सुट्ट्या जुळेनाशा होतात आणि गाडी तिथेच उभी राहते.

पहिल्या भागाला जरा वेळ लागेल. मला वाटतं तुम्हाला खरी धास्ती वेगळीच आहे. आज टेबलावर तुम्ही जे ठरवाल ते उद्या छापील पुस्तकामुळे 'चुकीचं' ठरेल, आणि एखादा प्लेअर मोबाइल पुढे करून म्हणेल की लॅथँडर तर मेला. ही धास्ती मला ओळखीची आहे. मी २००३पासून डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) करतोय. त्यात रेल्म्सचे दोन मोठे उत्पात आणि इतर जगांचे चार-पाच पाहिले, आणि त्यातल्या एकात स्वतःचं चांगलं चाललेलं कॅम्पेन स्वतःच्या हातानं मारलं. ते पुढे सांगतो.

आधी ही जगं बदलतात कशामुळे ते बघू. आपण फॅन लोक अंदाज बांधताना कथेच्या आतलं कारण शोधतो. अमुक देवानं तमुक पुस्तकात असं म्हटलं होतं, अमुक भविष्यवाणी अजून पुरी झाली नाही, म्हणजे आता ती होणार. मजा येते, मीही करतो. पण मागच्या पस्तीसेक वर्षांत जे मोठे बदल झाले त्यांचं मूळ बहुतेक वेळा कथेच्या बाहेर सापडतं. नियम बदलले म्हणून जग बदललं, असा तो उलटा क्रम असतो.

१९८९चं घ्या. डंजन्स अँड ड्रॅगन्सची दुसरी एडिशन आली आणि तिच्यातून असॅसिन (मारेकरी) हा क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा प्रकार, काढून टाकला. मग रेल्म्समधल्या असॅसिन लोकांचं करायचं काय? त्याच वर्षी 'टाइम ऑफ ट्रबल्स' आलं. रेल्म्सच्या कालगणनेत ते १३५८ साल. एओ या सगळ्यांत वरच्या देवानं बाकी सगळ्या देवांना जमिनीवर आणून सोडलं, जादू बेभरवशाची झाली, भाल, बेन आणि मर्कुल हे देव मेले, जादूची देवी मिस्ट्राही मेली आणि मिडनाइट नावाची माणसातली जादूगार तिच्या जागी बसली. या धामधुमीत बेननं टॉर्म या देवाशी लढण्यासाठी ताकद हवी म्हणून रेल्म्समधले सगळे असॅसिन एका झटक्यात मारून टाकले. कथेत ते दैवी कारस्थान होतं, कामापुरतं बघितलं तर ती रूलबुकातली एक खोडलेली ओळ होती.

२००८ची चौथी एडिशन आणखी सरळ उदाहरण आहे. जादूगारानं सकाळी मंत्र पाठ करून ते दिवसभरात खर्च करायचे ही जुनी पद्धत गेली, त्याजागी कधीही, दर लढाईत एकदा, दिवसातून एकदा अशा वापरायच्या पॉवर्स आल्या. जादू चालण्याची पद्धतच बदलली म्हटल्यावर जादूची देवी जाणं ओघानं आलं. रेल्म्सच्या १३८५ साली सिरिक या देवानं शार या देवीच्या मदतीनं मिस्ट्राला मारलं आणि स्पेलप्लेग हा जादूचा उत्पात पसरला. ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनच्या रूपाची जमात) आता मुख्य पुस्तकात होते, पण फेरूनमध्ये, म्हणजे रेल्म्सच्या मुख्य खंडावर, त्यांचा स्वतःचा म्हणावा असा देश नव्हता. म्हणून दुसऱ्या जगाचा एक तुकडा येऊन उंथर या देशावर आदळला आणि टायमँथर हा त्यांचा देश उभा राहिला. हलरुआ हा जादूगारांचा देश संपला. आणि कालरेषा थेट १४७९वर.

आता माझी चूक. त्या वेळी आमचं कॅम्पेन १३७४मध्ये होतं, दोन वर्षं चाललेलं, रंगात आलेलं. नवं पुस्तक हातात पडल्यावर मला ते 'खरं' वाटायला लागलं आणि आमचं जग शिळं. मी पुढच्याच सेशनला जाहीर केलं की पार्टी एका पोर्टलमधून जाते आणि बाहेर पडते तेव्हा शंभर वर्षं उलटलेली असतात. मला ते फार नाट्यमय वाटलं होतं. टेबलावर कोणी काही बोललं नाही. मग आमच्या रोगनं (चोराचं कॅरेक्टर खेळणाऱ्यानं) विचारलं, "म्हणजे खानावळवाली मेली?" ती खानावळवाली मी दोन वर्षांपूर्वी ऐनवेळी नाव सुचवून उभी केलेली बाई होती. तिच्याकडे पार्टीची उधारी होती, रोगच्या बहिणीचं लग्न तिच्या अंगणात झालं होतं. हो, मेली, मी म्हणालो. त्यानंतर तीन सेशन झाले. चौथ्याला दोघं आले नाहीत, पाचवा झालाच नाही.

नव्या पुस्तकात वाईट काही नव्हतं, काही कल्पना तर मला आजही आवडतात. पण माझ्या प्लेअरांचा जीव फेरूनच्या राजकारणात नव्हताच. तो त्या खानावळीत होता, एका खोट्या नकाशात होता, एका लंगड्या खेचरात होता. यातलं काहीच कुठल्या पुस्तकात नव्हतं, त्यामुळे कुठलंही पुस्तक त्याला धक्का लावू शकत नव्हतं. धक्का मी लावला.

तुमच्या क्लेरिकच्या देवाची हकिगत तर याच काळातली आहे. चौथ्या एडिशनमध्ये असं सांगण्यात आलं की लॅथँडर हा मुळात प्राचीन नेथरिल साम्राज्याचा सूर्यदेव अमॉनेटरच आहे. पहाटेचा, नव्या सुरुवातीचा, कोवळ्या उमेदीचा देव एका रात्रीत कायदा आणि भर दुपारच्या कडक उन्हाचा देव झाला. तेव्हा लॅथँडरची क्लेरिक खेळणाऱ्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. पुढे पाचव्या एडिशनच्या सोर्ड कोस्टवरच्या पुस्तकात, २०१५ साली, देवांच्या यादीत अमॉनेटरही आहे आणि लॅथँडरही आहे, दोघं वेगवेगळे. ज्यांनी मधल्या सात वर्षांत आपल्या क्लेरिकला जबरदस्तीनं धर्म बदलायला लावला त्यांची मेहनत वाया गेली. ज्यांनी काहीच केलं नाही ते आपोआप बरोबर ठरले.

रेल्म्समध्ये मेलेला देव म्हणजे रजेवर गेलेला देव. बेन १३५८ला मेला, १३७२ला परत आला. भाल परत आला, मर्कुलही. जादूच्या देवीचा हिशेब तर मला दर वेळी बोटांवर मोजावा लागतो: नेथरिल कोसळताना मिस्ट्रिल गेली, मग मिस्ट्रा आली, १३५८ला ती गेली, मिडनाइट मिस्ट्रा झाली, १३८५ला ती गेली, आणि संडरिंग या पुढच्या मोठ्या उलथापालथीच्या सुमाराला मिस्ट्रा पुन्हा हजर. संडरिंगची घोषणा २०१२मध्ये झाली, त्यावर सहा कादंबऱ्या आल्या, आणि २०१४च्या पाचव्या एडिशनपर्यंत स्पेलप्लेगची बरीचशी मोडतोड दुरुस्त झाली होती. हलरुआ परतला, उंथरही परतला. चौथी एडिशन जितकी पुढे गेली होती तितकीच पाचवी मागे वळली.

असं मागे वळणं रेल्म्सपुरतं नाही. डार्क सन हे डंजन्स अँड ड्रॅगन्सचं दुसरं जग १९९१ला आलं, कादंबऱ्यांमधून बरेच सॉर्सरर-किंग (तिथल्या शहरांवर राज्य करणारे जादूगार-राजे) मारले गेले, १९९५च्या सुधारित संचात ते सगळं जगाचा भाग झालं. २०१०ला ते जग पुन्हा काढलं तेव्हा घड्याळ उलटं फिरवून टायर शहर नुकतंच स्वतंत्र झालं आहे त्या क्षणावर आणून ठेवलं, कारण खेळायला तोच क्षण सर्वांत चांगला होता. वॉरहॅमर या दुसऱ्या खेळाचं जुनं जग २०१५मध्ये अक्षरशः नष्ट केलं आणि त्याजागी एज ऑफ सिगमार आलं. तरी २०१८ला त्या जुन्या जगाच्या रोलप्लेइंग खेळाची चौथी एडिशन निघाली, अंतापूर्वीच्या काळात बेतलेली. आणि ग्रेहॉक हे डंजन्स अँड ड्रॅगन्सचं आणखी एक जग १९९१च्या युद्धमालिकेनं पार पिंजून काढलं होतं. २०२४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये ते नमुन्याचं जग म्हणून दिलंय, ते त्या युद्धांच्या आधीचं, ५७६ सालचं. प्रकाशकालाही शेवटी नव्या माणसानं कुठून खेळायला सुरुवात करावी हे बघावं लागतं, आणि राखेच्या ढिगाऱ्यातून सुरुवात करायला फार कमी लोकांना आवडतं.

एबेरॉन हेही डंजन्स अँड ड्रॅगन्सचंच जग, त्याच्या कर्त्यांनी या भानगडीवर पहिल्यापासून वेगळा तोडगा काढला. २००४ला ते जग आलं तेव्हा वर्ष ९९८ होतं. चौथ्या एडिशनलाही ९९८, २०१९च्या पुस्तकातही ९९८. सायर हा देश ९९४मध्ये धुक्यात का संपला याचं उत्तर मुद्दाम दिलेलं नाही आणि देणारही नाहीत, ते प्रत्येक डीएमनं आपापलं ठरवायचं. म्हणून एबेरॉनचे चाहते अंदाज बांधतात ते 'पुढे काय होणार' याचे नाहीत, 'काय झालं असेल' याचे. कितीही थिअऱ्या लढवा, कुठल्याच कॅम्पेनला त्यांचा त्रास होत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला पाथफाइंडर या वेगळ्या रोलप्लेइंग खेळाचं जग, गोलारियन. तिथं घड्याळ आपल्याबरोबर चालतं, खऱ्या वर्षाला तिथलं एक वर्ष: २०१९ म्हणजे तिथलं ४७१९, २०२४ म्हणजे ४७२४. छापून आलेल्या साहसकथांचे निकाल जगाच्या इतिहासात धरले जातात. तिथल्या दोन घटना अंदाज बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

पहिली गॉड्सरेन, म्हणजे देवाच्या मृत्यूची घटना. मुख्य वीस देवांपैकी एक मरणार हे पाथफाइंडरच्या प्रकाशकानं, पायझोनं, आधीच सांगून टाकलं आणि २०२४च्या सुरुवातीचे काही महिने एकेका देवाच्या मरणाची एकेक भविष्यवाणी प्रसिद्ध केली. प्रत्येक भविष्यवाणी वाचून झाली की तो देव सुरक्षित. म्हणजे अफवांचा कारखाना प्रकाशकानं स्वतःच चालवला, आणि मजेत चालवला. आमच्या ग्रुपमध्ये पैजा लागल्या. मी सारेनरे या देवीवर लावली होती, कारण तिच्या मरणानं सगळ्यांत जास्त आरडाओरडा झाला असता. हरलो. मेला तो गोरम, युद्धाचा देव. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या शक्तीचे तुकडे जगभर पावसासारखे कोसळले, आणि ज्यांना ते लागले त्यांच्यात भलतंसलतं सामर्थ्य आलं. त्याच वर्षी आलेल्या पुस्तकात मिथिक, म्हणजे अतिमानवी ताकदीच्या कॅरेक्टरांचे, नियम होते आणि एक्झेम्प्लर नावाचा, अंगात दैवी ठिणगी असलेला क्लास होता. आता उलटं वाचा: असे नियम येणार म्हटल्यावर जगभर दैवी शक्ती सांडायला काहीतरी निमित्त लागणारच होतं. मागून शहाणपण सगळ्यांनाच येतं हे कबूल. पण मी कथेकडे न बघता येणाऱ्या नियमांकडे बघितलं असतं तर निदान सारेनरेवर पैसे लावले नसते.

दुसरी घटना ड्रोंची, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या काळ्या एल्फांची. २०२३च्या जानेवारीत ओपन गेम लायसन्सवरून (डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम इतर प्रकाशकांना वापरू देणारा परवाना) जो गदारोळ झाला, त्यानंतर पायझोनं आपला खेळ त्या लायसन्सपासून पूर्ण वेगळा करायचं ठरवलं, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून नवी पुस्तकं येऊ लागली. या फेरफारात गोलारियनमधून ड्रो गेले. रंगांवरून ओळखायचे जुने ड्रॅगन गेले, अलाइनमेंटही (कॅरेक्टर भलं की दुष्ट याचा शिक्का) गेली. ड्रोंसाठी कुठलं युद्ध झालं नाही, कुणी शाप दिला नाही, कुणी भविष्यवाणी केली नाही. नव्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख उरला नाही, आणि जमिनीखालच्या कारस्थानांची जागा सर्पमानवांनी घेतली, इतकंच. ड्रोंच्या इतिहासाचा कितीही बारकाईनं अभ्यास केला असता तरी हा बदल कुणाला दिसला नसता. तो दिसायला लायसन्स वाचावं लागलं असतं.

म्हणून एखादी अफवा कानावर आली की मी पहिल्यांदा विचारतो, हे कशासाठी करतील? नवा क्लास, नवी जमात, काढून टाकलेला नियम, कायदेशीर अडचण, एखाद्या लोकप्रिय व्हिडिओ गेममधून येणारा नवा वाचक, यातलं काही कारण दिसलं तर अफवेत दम असू शकतो. 'कथेत ते छान दिसेल' एवढंच कारण असेल तर मी मान डोलावतो आणि पुढे जातो.

या चाळणीतून तुमच्या तीन अफवा काढू. शंभर वर्षांची उडी मला जवळजवळ अशक्य वाटते. ती एकदा मारून पाहिली आहे आणि पुढची एडिशन ती निस्तरण्यात गेली आहे. शिवाय २०२३च्या बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेममुळे लाखो नवे लोक रेल्म्समध्ये आलेत, त्यांना ओळखीचं फेरून म्हणजे १४९२च्या आसपासचं. ती माणसं, ती शहरं ज्या काळात जिवंत आहेत तो काळ सोडून जाण्यात प्रकाशकाचं नुकसान आहे. याच गेमचे शेवट खेळणाऱ्याप्रमाणे वेगवेगळे होतात, म्हणून त्यातला एक शेवट ठासून खरा ठरवायलाही ते बिचकतील असा माझा कयास आहे.

सोर्ड कोस्टच्या विनाशाचंही तसंच. आणखी एक गोष्ट: २०२४मध्ये तिन्ही मुख्य पुस्तकं नव्यानं यायला सुरुवात झाली, नियम बऱ्यापैकी बदलले, आणि जगात काहीच झालं नाही. ना देव मेला, ना जादू फुटली. २०२५च्या नोव्हेंबरात फेरूनवर दोन पुस्तकं आली. त्यांनी डेललँड्स, आइसविंड डेल, कॅलिमशान, मूनशे बेटं आणि बाल्डर्स गेट असे पाच प्रदेश खोलात घेतले, जग फोडलं नाही. नियम बदलले की उत्पात झालाच पाहिजे ही १९८९पासूनची सवय त्यांनी मोडलेली दिसते.

उरला देवाचा मृत्यू. हा होऊ शकतो, कारण तो स्वस्त आहे. एका देवाला मारायला नकाशा बदलावा लागत नाही, एक पान पुरतं. लॅथँडर असेल का? मला नाही वाटत. नव्या प्लेअरला क्लेरिक घ्यायचा असतो तेव्हा पहाटेचा भला देव हा सगळ्यांत सोपा पर्याय असतो, आणि दुकानाच्या दर्शनी भागातला माल कोणी फोडत नाही. पण इथं माझा अंदाज हा अंदाजच धरा. सारेनरे आठवा.

बातमी कुठून आली यावरही पुष्कळ ठरतं. प्रकाशकानं चाचणीसाठी खुले केलेले नियम मी सगळ्यांत वरती ठेवतो, कारण त्यात कारण दिसतं. पुस्तकाच्या अधिकृत वर्णनातलं वाक्य शब्दन् शब्द वाचावं, पण ते विकण्यासाठी लिहिलेलं असतं हे विसरू नये. 'जग कायमचं बदलून टाकणारी घटना' असं मी इतक्या मागच्या कव्हरांवर वाचलंय की आता ते मला किमतीच्या आकड्यासारखं दिसतं, छापायचं म्हणून छापलेलं. डिझायनरच्या मुलाखतीत तो काय टाळतोय ते बघा. फुटलेल्या पानांचे धूसर फोटो मी बघतच नाही. आणि चाहत्यांच्या थिअऱ्या, म्हणजे जुन्या कादंबरीतलं एक वाक्य अधिक चित्रातली एक आकृती बरोबर महाप्रलय, त्यांना भविष्य म्हणून माझ्या लेखी शून्य किंमत आहे. माल म्हणून मात्र त्या फार कामाच्या असतात.

ते असं. वॉटरडीपमधली माणसंसुद्धा अफवा पसरवतच असणार ना? तुमच्या कानावर आलेल्या या सगळ्या थिअऱ्या उचला आणि जगातल्या माणसांच्या तोंडी घाला. बंदरावरचा एक म्हातारा सांगतो की सूर्य यंदा क्षणभर उशिरा उगवला. एका मंदिरात कुजबुज आहे की पहाटेच्या प्रार्थनेला उत्तर येत नाही. एक भविष्यवेत्ती तीन वेगवेगळ्या देवांचं मरण तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकते. यातलं काही खरं करायची तुमच्यावर सक्ती नाही. पायझोच्या बहुतेक भविष्यवाण्या खोट्या होत्या, तरी लोक त्या चवीनं वाचत होते. पुढे पुस्तकात खरंच काही निघालं आणि तुम्हाला ते आवडलं, तर पाया आधीच घातलेला असेल. नाही आवडलं तर म्हाताऱ्याला मोतीबिंदू होता.

यापेक्षा उपयोगी गोष्ट म्हणजे हिशेब. तुमच्या कॅम्पेनमध्ये दीड वर्षात किती दिवस गेले ते मोजा. मी गंमत म्हणून माझ्या मागच्या कॅम्पेनचं मोजलं: आमची चार वर्षं, एकशे दहा सेशन, आणि जगात झाले सात महिने. एका गुहेत आम्ही दोन महिने होतो, तिथं जेमतेम दीड दिवस गेला होता. नव्या पुस्तकानं काळ दोन-चार वर्षं पुढे नेला तर तुमची पार्टी तिथं पोहोचायच्या आत तुमचं कॅम्पेन संपलेलं असेल. पुस्तकातली घटना तुमच्या जगाच्या भविष्यात आहे, आणि भविष्य अजून घडलेलं नाही.

प्लेअरनं मोबाइल पुढे केलाच तर मी एकच वाक्य सांगतो, पहिल्या सेशनला सांगून ठेवतो: "या टेबलावर जे बोललं गेलं तेवढंच झालंय." छापील गोष्टी आमच्यासाठी साठवण आहेत, लागेल तसं काढून घ्यायचं. प्रकाशकाची भूमिकाही फार निराळी नाही. २०२१मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मुख्य डिझायनरांनी स्पष्ट केलं होतं की २०१४पासून आलेल्या खेळाच्या पुस्तकांत जे नाही ते त्यांच्या लेखी कॅनन, म्हणजे अधिकृतपणे खरं, नाही. कादंबऱ्या नाहीत, व्हिडिओ गेम नाहीत, जुन्या एडिशन्सही नाहीत. तेच इतकं मागचं सोडून देत असतील तर तुम्ही पुढचं सोडायला काय हरकत आहे?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगायला हव्यात. तुम्ही अ‍ॅडव्हेंचरर्स लीग किंवा पाथफाइंडर सोसायटीसारख्या सामायिक मोहिमेत खेळवत असाल तर माझा वरचा सल्ला अर्धा बाद. तिथं एकाच जगात अनेक टेबलं असतात आणि जे ठरेल ते सगळ्यांना लागू. तुम्ही छापील साहसकथा क्रमानं खेळवत असाल आणि तिचा पुढचा भाग नव्या काळात येणार असेल, तर थोडी मोकळी जागा सोडून ठेवा, निदान पुढच्या भागात लागणाऱ्या माणसांना मारू नका. टेबलावर रेल्म्सचा कीडा असलेला प्लेअर असेल, प्रत्येक पुस्तक पहिल्या दिवशी वाचणारा, तर त्याच्याशी आधी बोला. अशा माणसाला फसवलं गेल्याची भावना पटकन येते, पण त्याला विचारून घेतलं तर तोच तुमचा सगळ्यात मोठा मदतनीस होतो. माझ्याकडे असा एक आहे, मी त्याला आमच्या जगाच्या वेगळेपणाची वही सांभाळायला दिली आहे. आम्ही छापील रेल्म्सपासून कुठल्या तारखेला आणि कशात वेगळे झालो ते तो लिहून ठेवतो, आणि आता चुकाही तोच काढतो, आमच्या वहीप्रमाणे.

आणि पुस्तकातला बदल खरंच आवडला, लॅथँडरचं काहीतरी होणं तुम्हाला हवंसं वाटलं, तर? करा, पण एका अटीवर. ती क्लेरिक ज्या कुणाची आहे तिला किंवा त्याला आधी एकट्यात विचारा. टेबलावर सगळ्यांसमोर धक्का देऊ नका, मी तो देऊन पाहिलाय. आणि मरणापेक्षा मौन वापरून बघा. मेलेल्या देवाची क्लेरिक असहाय असते, तिला करण्यासारखं काही उरत नाही. ज्याचा देव गप्प आहे अशा क्लेरिकला मात्र शोधायला बाहेर पडता येतं, शंका घेता येते, मंदिराशी भांडता येतं. मंत्र चालू ठेवा, नियमांना हात लावू नका, फक्त पहाटेची ती ऊब काढून घ्या. तेवढ्यावर माझी आठ-दहा सेशन सहज निघाली होती. ती देवी टायमोरा होती आणि प्लेअरला तिचं मौन मान्य होतं, हे दोन्ही सांगतो, कारण मान्य नसतं तर काय झालं असतं मला ठाऊक नाही.

उडी मारायचीच झाली तर ऋतूची मारा, शतकाची नको. एक हिवाळा मधे जाऊ द्या, प्रत्येकाला विचारा की या चार महिन्यांत तुमच्या कॅरेक्टरनं काय केलं. एवढ्यात हवं ते पेरता येतं, आणि खानावळवाली जिवंत राहते.

पुढच्या सेशनला तुम्ही करायचं ते इतकंच: तुमच्या जगात आज तारीख कोणती आहे ती मागच्या नोंदींवरून काढा आणि कागदावर लिहून टेबलाच्या मधोमध ठेवा. मग क्लेरिकवाल्या प्लेअरला विचारा की लॅथँडरच का निवडला होता. दीड वर्षांपूर्वी तुम्ही हे विचारलं असेल, पण उत्तर आता बदललेलं असण्याची शक्यता आहे. ते इथं येऊन सांगितलंत तर पुढचं बोलू. तिनं तो निव्वळ चांगल्या डोमेन स्पेल्ससाठी (क्लेरिकच्या निवडलेल्या क्षेत्राबरोबर मिळणारे मंत्र) घेतला होता असं निघालं, तर आपण दोघांनीही उगाच साप समजून भुई धोपटली.